वापर : नर्सरी

चूक माझीच होती, हे आधी कबूल करते. मागाहून या गोष्टीच्या आमच्या गावात इतक्या आवृत्त्या निघाल्या, की एकीत दोष वीज कंपनीचा, एकीत ग्रामसेवकाचा आणि एकीत तर चक्क बालवाडीच्या बाईंचा निघाला. पण फॉर्म मी भरला होता. 'विजेचा वापर कशासाठी' या रकान्यात मीच बॉलपेन दाबून ठळक अक्षरांत लिहिलं होतं : नर्सरी.

दुसरं काय लिहिणार? येडगावच्या धरणापासून नारायणगावच्या बाजारापर्यंत कुणालाही विचारा, टोमॅटोची रोपं कुठून आणली? नर्सरीतून. रोपवाटिका हा शब्द आम्ही फक्त कृषी खात्याच्या पाटीवर वाचतो. बोलताना कुणी तो काढला, तर समोरचा विचारेल, बरं आहे ना सगळं? आणि त्यावर कडी म्हणजे पत्ता. ग्रामपंचायतीनं आमच्या बचत गटाला जी पडीक जागा भाड्यानं दिली होती, ती जुन्या बालवाडीच्या खोलीला लागून होती. म्हणून मी पत्ता लिहिला, 'जुन्या बालवाडीशेजारी'. आता वापर नर्सरी आणि पत्ता बालवाडी असं वाचून कुठला कारकून टोमॅटोचा विचार करेल? मी असते तर मीही केला नसता.

आमचं गाव खोडदच्या अलीकडे. रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठमोठ्या तबकड्या आमच्या बांधावरून दिसतात. गटात आम्ही बाराजणी. पापड करून झाले, मसाले करून झाले, आणि ते विकायला नणंदा-भावजयांच्या दारात उभं राहून तोंडही दुखलं. मग आक्का म्हणाल्या, "जे येतं तेच करू की. रोप टाकू."

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि गटाच्या अध्यक्षा. माहेर आंबेगाव तालुक्यातलं, महाळुंगे पडवळ. लग्न करून आल्या आणि दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन रानात गेल्या, त्या अजून जातच आहेत. पान नुसतं उलटून बघतील आणि सांगतील, पाणी जास्त झालंय, किंवा उद्या नागअळी दिसेल. सगळ्या भावकीची रोपं आधी त्यांच्याच वाफ्यावर व्हायची. रोप टाकावं तर आक्कांनी, असं माणसं म्हणायची, आणि पुढं त्यांचं नाव विसरून स्वतःच्या पिकाचे फोटो मोबाइलवर फिरवायची.

या बाईंचं एक दुखणं होतं, आणि ते मला गटाचं खातं काढताना बँकेत कळलं. तिथल्या कारकुनानं मान वर न करता त्यांच्या नावापुढं 'गृहिणी' लिहिलं. आक्कांना अक्षरं जुळवून वाचता येतं, पण घाईचं लिहिलेलं वाचता येत नाही. रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्यानं म्होरं काय लिव्हलं?"

मी सांगितलं.

"घरकाम? मंग रानात रोज कोण जातं, माझं भूत?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. रेशनकार्डावर घरकाम. मतदार यादीच्या वेळी घरकाम. सातबाऱ्यावर माझ्या दिरांचं, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं नाव. कुठल्याच कागदाला ठाऊक नव्हतं की ही बाई शेती करते. नर्सरीची वीजजोडणी अध्यक्षा म्हणून आक्कांच्या नावानं घ्यायची ठरली, तेव्हा त्यांनी मला बजावून सांगितलं होतं, "हितं तरी शेती लिव्हून घे." आणि मी शहाणीनं नर्सरी लिहिलं.

पहिलं बिल आलं. शेडनेटखाली ट्रे भरायचं काम चालू होतं, हात कोकोपीटनं बरबटलेले. मी मोठ्यानं वाचत गेले. नाव, पत्ता, मीटर नंबर, आणि वर्गवारी : सार्वजनिक सेवा, शैक्षणिक संस्था. आक्का म्हणाल्या, "म्हंजे?"

"म्हणजे शाळा."

"कुणाची?"

"आपली."

दोन दिवसांत गावभर झालं. पारावरची मंडळी तर टपलेलीच असतात. "काय मास्तरीणबाई, शाळा कवा सुटती?" "पटसंख्या किती हाय?" मीही सोडत नाही कुणाला. म्हटलं, "एका वर्गात एकशे चार. आन् तुमच्या पोरांपेक्षा शिस्तीत बसत्यात." ट्रेला एकशे चार घरं असतात, एका घरात एक बी. पण आतून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शाळेचा दर शेतीपेक्षा चढा, ते झोंबलंच, खोटं कशाला बोलू. त्याहून झोंबलं ते हे, की आक्कांनी एकच मागितलं होतं आणि तेच मी चुकवलं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला गेले. तिथं इंजिनिअर म्हणून एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, दर आणि वर्गवाऱ्या आम्ही ठरवत नाही. त्या वरून येतात. तुमच्या फॉर्मवर नर्सरी होतं, पत्ता बालवाडीचा होता, तसं बसलं. बदलायचं तर कागद लागेल."

"कसला कागद?"

"तिथं शेती चालते याचा. सातबारा वगैरे."

सातबारा कुठून आणू? जागा ग्रामपंचायतीची. मग ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊ म्हणाले, "ताई, लाइटीचं आपल्याकडं काहीच न्हाई. ते सगळं वरून ठरतं."

या 'वरून'चा मला भयंकर राग आहे. आमच्याकडे पाण्याची पाळी वरून ठरते, आदेश वरून येतात, तलाठ्याची बदली वरून होते. वर कोण बसलंय ते विचारलं, की सगळे छताकडे बघतात. मी त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या पायरीवरून तबकड्यांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, यांना कुठल्या कुठल्या ताऱ्याची कुजबुज ऐकू येते म्हणे, यांनाच विचारावं का, की अजून वर कोण आहे?

पुन्हा मॅडमकडे गेले. आवाज जरा चढलाच माझा. "वर म्हणजे कोण, ते एकदा नाव-गाव सांगा. मी जाते."

मॅडमना हसू आलं. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. "वर म्हणजे वीज नियामक आयोग. विजेचे दर तो ठरवतो. कंपनी मागते, आयोग तपासतो, लोकांना विचारतो आणि मग ठरवतो. पुण्यात जनसुनावणी आहे. कुणीही ग्राहक जाऊन बोलू शकतो. ही बघा जाहिरात."

मला आधी खरंच वाटेना. इतकी वर्षं बिलं भरली, शिव्या दिल्या, आणि विचारणारं कुणी आहे हे माहीतच नव्हतं. घरी येऊन आक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "चल मंग. पर रिकाम्या हातानं न्हाई जायाचं."

आम्ही नारायणगावहून एसटीनं निघालो, तेव्हा आक्कांच्या मांडीवर ओल्या गोणपाटावर ठेवलेला टोमॅटोच्या रोपांचा ट्रे होता. कंडक्टर म्हणाला, "ह्यांचं तिकीट?" आक्का म्हणाल्या, "पाच वर्साच्या आतली हायेत." पुण्यातल्या त्या सरकारी सभागृहाच्या दारात शिपायानं अडवलं. "हे काय आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "विद्यार्थी." तो इतका गोंधळला की त्यानं आम्हाला ट्रेसकट आत सोडलं.

आत कारखानदार होते, ग्राहकांच्या संघटना होत्या, वकील होते. माझ्या आधी एका शहराचे नगरसेवक बोलले. इस्त्रीचे कपडे, खणखणीत आवाज. त्यांचं म्हणणं, आमच्या शहराचे वीजदर आमच्या नगरपालिकेनं ठरवावेत, कारण लोक जाब आम्हाला विचारतात. मला ते एकदम पटलं. मी मान डोलावली. मग वाटलं, आमच्या ग्रामपंचायतीनं दर ठरवले तर? पाण्याचा व्हॉल्व्ह आधी कुठल्या आळीला सोडायचा यावरून आमच्याकडे सभा उधळतात. विजेचा दर ठरवायला बसवलं तर ज्याची भावकी मोठी त्याची वीज स्वस्त. माझी डोलणारी मान थांबली. आयोगाचे अध्यक्षही जवळजवळ तेच म्हणाले, फक्त सभ्य शब्दांत. ते म्हणाले, प्रत्येक शहरानं आपापला दर ठरवला तर ज्याचं वजन जास्त त्याला सवलत आणि डोंगरातल्या वाडीला भुर्दंड. म्हणून दर एका ठिकाणी, सगळ्यांसमोर ठरायला हवा. पण जाब विचारण्याचं काम नगरपालिकेनं सोडू नये, उलट आकडे घेऊन इथं यावं, असं त्यांनी त्या नगरसेवकांना सांगितलं.

मग माझा नंबर आला. मी सगळं सांगितलं. नर्सरी लिहिलं ते, बालवाडीचा पत्ता, शाळेचं बिल. सभागृहात हसू पसरलं. आक्का उठून उभ्या राहिल्या आणि ट्रे वर धरून म्हणाल्या, "सायेब, ही टमाट्याची हायेत. ह्यातलं एक बी वही-पेन्सिल मागत न्हाई."

अध्यक्षही हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, आमच्या आदेशात शेतीच्या वर्गवारीत रोपवाटिका आहेच. ते आम्ही आधीच लिहिलं आहे. पण तुमच्या जागेत रोपं आहेत की मुलं, हे आम्ही पुण्यात बसून कसं सांगणार? ती जागा कुणाची?"

"ग्रामपंचायतीची."

"मग ग्रामपंचायतीचं म्हणणं काय आहे? ठराव केलाय?"

मी आक्कांकडे बघितलं, आक्कांनी ट्रेकडे. ठराव हा शब्द आमच्या डोक्यातच आला नव्हता.

"दर ठरवणं आमचं काम," ते म्हणाले. "ग्राहकाला योग्य रकान्यात बसवणं कंपनीचं. ते चुकलं तर तक्रारीसाठी मंच आहे. पण आपल्या जागेत काय चालतं, हे गावानं सांगायचं असतं. गाव बोललंच नाही, तर वर आम्ही काय ऐकणार?"

शेवटी त्यांनी एक गोष्ट मान्य केली. कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे वळून ते म्हणाले, की फॉर्मवर नुसतं नर्सरी असेल तर कुठली नर्सरी ते विचारून घेत जा.

परतीच्या एसटीत मी धुमसत होते. इतकं वर चढून गेलो आणि वरच्यानं आम्हाला खाली पाठवलं. आक्का मात्र ट्रेमधलं एक मरगळलेलं रोप बोटानं सरळ करत होत्या. म्हणाल्या, "वरच्यानं खाली बोट दावलं. म्हंजी रस्ता जवळचा झाला की गं."

ग्रामसभेच्या दिवशी आम्ही बाराजणी पुढच्या रांगेत बसलो. एरवी ग्रामसभेला बायका म्हणजे सह्यांपुरत्या. मी विषय मांडला. ग्रामसेवक भाऊ लिहायला लागले, "सदर जागेत महिला बचत गटामार्फत रोपे तयार करण्याचे काम चालते." मी म्हटलं, काम नव्हे, शेती लिहा. आणि करणाऱ्या महिला शेतकरी आहेत, असंही लिहा.

तिथं अडलं. गावातले एक जाणते बागायतदार उभे राहिले. माणूस वाईट नाही, अडीनडीला धावून येणारा. पण म्हणाले, "शेतीचं लिव्हा, माझं काय म्हणणं न्हाई. पर शेतकरी म्हंजे सातबारा. ह्यांच्या नावावर गुंठाभर न्हाई. असं लिव्हाया लागलो तर उद्या बाजारातला हमाल बी म्हणल, मी शेतकरी."

दोन-चार माना डोलल्या. मी तोंड उघडणार होते, पण आक्कांनी माझा हात दाबला आणि स्वतः उठल्या. त्या सभेत याआधी कधी बोलल्या नव्हत्या.

"भाऊ, गेल्या साली तुमच्या टमाट्याला लई नाव झालं. बाजारात लोक बघाया आलं व्हतं."

"व्हय. आलं व्हतं."

"रोपं कुणाची व्हती?"

बागायतदार म्हणाले, "तुमचीच की आक्का."

"बी मी टाकलं. उगवलं माझ्या हातानं. तुमच्या बांधावर यिऊस्तोवर ती शाळा, आन् बांध वलांडला की शेती व्हय?"

कुणीतरी मागून शिट्टी मारली. सभा हसायला लागली आणि मला एकदम भीती वाटली, की आता हा माणूस अपमान समजून हट्टाला पेटणार. पण बागायतदारही हसले. खाली बसताना हात उडवून म्हणाले, "लिव्हा राव, लिव्हा. शेतकरीच लिव्हा. आमच्या परास जास्त शेतकरी हायेत त्या."

मी ग्रामसेवकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांनी लिहिलं तसं मोठ्यानं वाचायला लावलं. सदर जागेत बालवाडी भरत नसून भाजीपाल्याच्या रोपांची शेती केली जाते, व ती करणाऱ्या महिला शेतकरी आहेत. सगळे हात वर गेले. सांगायला लाज कसली, माझे डोळे भरून आले. ज्या ग्रामपंचायतीला मी हयातभर नावं ठेवली, तिचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. विजेच्या दराचा एक पैसाही खाली आणण्याची ताकद तिच्यात नाही, आणि नसावी हेच बरं. पण ठरावाच्या वहीत जे लिहिलं गेलं ते आयोगालाही लिहिता आलं नसतं.

ठराव घेऊन सेक्शन ऑफिसला दिला. आठवड्यानं मॅडम स्वतः पाहणीला आल्या. शेडनेटखाली वाकून आल्या, धुक्यासारखं पाणी उडवणारा फॉगर चालू करून बघितला, मोटर बघितली, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "हजेरी घेऊ का?" आक्कांनी त्यांना ट्रेंच्या रांगांमधून फिरवून आणलं. हा टोमॅटो, ही फ्लॉवर, हा झेंडू. जाताना मॅडमनी अहवालात काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं, आणि घरच्या कुंड्यांसाठी मिरचीची चार रोपं मागून घेतली.

पुढच्या खेपेला बिल आलं ते आक्कांनी माझ्याकडे दिलं नाही. स्वतः पायरीवर बसल्या आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत गेल्या. आधी स्वतःचं नाव. मग खाली, बऱ्याच वेळानं, "शे... ती." मग भुवया जवळ आल्या. "शेती, इतर. हे इतर कशाला?"

मी म्हटलं, ते आयोगाचं लिहिणं आहे. पंपाची शेती एका रकान्यात, रोपवाटिका, फुलं, कोंबड्या दुसऱ्या रकान्यात.

आक्कांनी थोडा विचार केला. "असू दे इतर. शेती पयली हाय ना, बास."

त्यांनी ते बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाच्या घडीत ठेवलं. नंतरची बिलं येत गेली, ती गटाच्या फाइलीत लागत गेली. हे एक मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. मला वाटलं, बाई हौशी आहे.

ते कशासाठी ठेवलं होतं, ते यंदा कळलं. शाळेतले एक मास्तर सरकारी मोजणीसाठी घरोघरी माहिती घेत फिरत होते, हातात मोबाइल. ओट्यावर बसले, दिरांची माहिती भरली, मग आक्कांकडे बघत म्हणाले, "काकू, तुम्ही घरीच असता ना? गृहिणी टाकतो."

"थांबा," आक्का म्हणाल्या आणि आत गेल्या. पिशवी घेऊन आल्या आणि बिल त्यांच्यापुढं धरलं.

मास्तर म्हणाले, "काकू, हे लाइटबिल आहे. मला पुरावा नकोय, तुम्ही नुसतं सांगितलं तरी चालतं."

"आजवर कुणी सांगाया दिलं न्हाई. वाचा. नाव कुणाचं?"

"तुमचं."

"खाली?"

"शेती... इतर."

"मंग दाबा."

मास्तरांनी अंगठ्यानं काहीतरी दाबलं. आक्कांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. त्यांनी मोबाइल माझ्याकडे फिरवायला लावला आणि मला म्हणाल्या, "वाच."

मी वाचलं. "व्यवसाय : शेतकरी."

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.